मोळीच्या दिवशी चमन गायला

चमनच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं, गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, पण माणूस पुन्हा बोलणार नाही, गाण्याचं तर नावच नको. ही बातमी घेऊन चमनची बायको कुलसुम रडत हुसेन बँडवाल्याच्या दारात आली, आणि या शहाण्यानं तिला काय विचारलं असेल? "ऑपरेशनला किती दिवस हाईत, भाभी?" कुलसुमला वाटलं, पैशाची जोडणी करायला विचारतोय बिचारा. ती म्हणाली, दिवाळी झाली की बोलावलंय. हुसेननं मान हलवली. हा गडी मनात दौरा आखत होता.

आता हुसेन कोण, चमन कोण, हे सांगायला पाहिजे. साल सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराला कोल्हापुरात 'पंचगंगा बीट्स' नावाचा रॉक बँड होता. हसायचं काम नाही. होता म्हणजे होता. हुसेनचं घर पिढ्यान् पिढ्या लग्नाच्या वरातीत वाजवणारं. बापानं याच्या गळ्यात ताशा अडकवला, आणि यानं वरातीतले दोन ढोल, एक ताशा आणि भंगारातल्या पितळी थाळ्या जमवून स्वतःचा ड्रमसेट केला. कसबा बावड्याचा ज्ञानू, उसाच्या शेतकऱ्याचा पोरगा, त्यानं सुताराला हाताशी धरून फणसाच्या लाकडाची इलेक्ट्रिक गिटार करून घेतली. तिला लाऊडस्पीकरवाल्याचा भोंगा जोडला की आजूबाजूच्या चार गल्ल्यांतली कुत्री भुंकायला लागायची. जाड तारांची गिटार बाळासो वाजवायचा आणि वेळ पडली तर गायचासुद्धा. आणि पुढं उभा राहायचा तो चमन. लक्ष्मीपुरीतला टेलर. चौघांच्या नळीसारख्या पँटी त्यानंच शिवलेल्या.

चमनला इंग्रजीचा गंध नव्हता. रेडिओवर ऐकलेली गाणी कानाला लागतील तशी म्हणायचा, आणि त्यातला एकही शब्द खरा नसायचा, पण आवाज असा खरखरीत, खोलवरून आलेला, की कॉलेजची पोरं बाकांवर चढायची. एक गाणं मात्र त्याचं स्वतःचं होतं, मराठी. 'थांब गं जरा' म्हणायचे त्याला. शेवटी तो 'थांब' असा काही ताणायचा की हुसेनच्या हातातल्या काठ्या आपोआप थांबायच्या. त्या गाण्यासाठी लोक बिद्रीहून सायकली मारत यायचे. पुढं काय झालं? व्हायचं तेच. चमनचं लग्न झालं, ज्ञानूच्या वडलांनी त्याला उसात घातलं, हुसेनचा बाप गेला आणि वराती त्याच्या अंगावर आल्या. भांडण नाही, तंटा नाही, बँड आपला विरून गेला, त्याला आता दहा वर्षं झालेली. आणि त्या गाण्याची कुणी साधी टेपसुद्धा करून ठेवली नव्हती. तेव्हा कुणाकडं टेप होती? आणि हे सगळं संपेल असं तरी कुणाला वाटलं होतं?

म्हणून हुसेनच्या डोक्यात हे शिरलं. चमनचा आवाज जाणार, तो जाण्याआधी कुठंतरी धरून ठेवायचा. बास. त्याला दुसरं काही नको होतं.

आणि योग बघा, त्याच वेळी सयाजी कोल्हापुरात आला. सयाजी म्हणजे गंगावेशीतला पोरगा, मुंबईत सिनेमाचं तंत्र शिकून आलेला, दाढी वाढवलेला. लहानपणी त्यानं पंचगंगा बीट्स झाडावर बसून ऐकले होते. हुसेननं दौऱ्याचं सांगितल्याबरोबर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "हुसेनचाचा, याच्यावर मी डॉक्युमेंटरी करतो. जुना बँड पुन्हा एक होतोय, गावोगाव फिरतोय, आणि शेवटी चमनचाचा ते गाणं गातात. अजून काय पाहिजे?"

पाहिजे होती ती फिल्म. त्या काळात कच्ची फिल्म परमिटवर मिळायची, आणि परमिट मिळायचं ओळखीवर. ओळख होती गणपतरावांची. हे गणपतराव एका साखर कारखान्याचे चेअरमन. कोणत्या कारखान्याचे ते विचारू नका. त्यांचे नातू अजून निवडणूक लढवतात. गणपतरावांनी फिल्मचे डबे मिळवून दिले, आणि सयाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कर की पोरा. निस्तं एवढंच कर, आमच्या मोळीचं बी त्यात घे. शेवटचा कार्यक्रम आमच्या कारखान्यावर. चाललंय न्हवं?"

आपल्याकडं गळिताचा हंगाम सुरू होताना उसाची पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत, म्हणजे ऊस चरकाकडं नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात. मोळी म्हटली की मांडव आला, पाहुणे आले, भाषणं आली आणि करमणुकीचा कार्यक्रम आला. हुसेनला वाटलं, देवच पावला. एवढं पब्लिक दुसरीकडं कुठं मिळणार?

कुलसुम मात्र तडकली. ती म्हणाली, "हुसेनभाई, डॉक्टरनी गप बसायला सांगितलंय त्यास्नी. तुमी दौरे कसले काढताय?" हुसेननं शपथ घेतली, चमन एकदाच गाईल, शेवटच्या कार्यक्रमात. बाकी ठिकाणी बाळासो गाईल, चमन नुसता खंजिरी घेऊन उभा राहील. आवाज राखून ठेवायचा. कुलसुम चमनकडं बघत राहिली. चमन खाली मान घालून शिवणाच्या मशीनला तेल देत होता. त्याचा आवाज तेव्हाच अर्धा बसला होता. तो घोगऱ्या सुरात एवढंच म्हणाला, "एकदा गाऊ दे, कुलसुम. मग तू म्हणशील तसं." 

दौरा म्हणजे काय, एक टेम्पो, त्यात ड्रम, भोंगे, चार चाळिशीला टेकलेले बाप्ये, सयाजी आणि त्याचा कॅमेरामन आकाराम. आकाराम जयप्रभा स्टुडिओच्या आवारात वाढलेला, फार न बोलणारा, कॅमेरा पोरासारखा मांडीवर घेऊन बसायचा. दसऱ्यानंतर ते निघाले. बिद्रीला वाजवलं, गडहिंग्लजला वाजवलं, जयसिंगपूरला वाजवलं. नृसिंहवाडीला वाजवायचा प्रश्न नव्हता, पण वाटेवर म्हणून संगमावर उतरले, बासुंदी खाल्ली, आणि ज्ञानूनं घाटाच्या पायरीवर बसून गिटार काढली तर पुजाऱ्यानं हात जोडले आणि म्हणाला, "पावणं, देव झोपलाय." सयाजीनं तेही घेतलं. सगळं घेतलं त्यानं. टेम्पोचं पंक्चर घेतलं, तांबडा रस्सा पिताना हुसेनच्या डोळ्यांतून आलेलं पाणी घेतलं, जुन्या पँटीत ज्ञानूचं पोट मावेना म्हणून चमननं टाचण्या लावल्या ते घेतलं. पोरगं हरखून गेलं होतं.

लोक यायचे, बाळासोच्या गाण्याला टाळ्या द्यायचे, आणि मग ओरडायचे, "चमनला गाऊ द्या की, 'थांब गं' म्हणू द्या." चमन हसून हात जोडायचा. हुसेन माईकवर येऊन सांगायचा, "मोळीच्या दिवशी या. त्या दिवशी चमन गाणार." गावोगाव हाच निरोप.

मोळीच्या आदल्या दिवशी सयाजी हुसेनकडं आला. जरा घाबराच दिसला. म्हणाला, "चाचा, डबे कमी उरलेत. माझीच चूक, वाटेत जास्त गेले. एक काम करू. उद्या सकाळीच चमनचाचांना दुकानात उभं करतो, दार लावून घेतो, तिथंच गाणं घेऊन टाकतो. संध्याकाळची काळजी नको."

हे चमनच्या समोरच चाललं होतं. चमननं मान वर केली. "रिकाम्या खोलीत गाऊ व्हय? समोर पब्लिक न्हाय, आन मी भिताडाकडं बघून गाऊ? मर्दा, ही माझ्या आवाजाची मयत हाय. मयताला चार माणसं नकोत व्हय?"

 हुसेनला ते पटलं. तो म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. गाणं पब्लिकफुडंच झालं पायजे."

"मग निदान पहिलं गाणं त्यांचं ठेवा," सयाजी म्हणाला. "पडदा उघडला की लगेच. डबे भरलेले असतील तोवर."

यावर हुसेन जो बिघडला. त्याच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. वरातीत सुद्धा खास चीज नवरदेव दारात आल्यावर वाजवतात, निघतानाच नाही. मुख्य गायकाला पहिल्यांदा उभा करायचा म्हणजे त्याला किरकोळीत काढायचा. लोकांना वाटेल, याला आटपून घेतलं. आधी दोन गाणी, पब्लिक तापलं की मग चमन, असंच असतं, असंच होणार. "चमनला मी पैला सोडला तर उद्या तोच माझं तोंड बगणार न्हाय," हुसेन म्हणाला. चमनच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हुसेन बोलला तेच त्याच्या मनात होतं. सयाजीनं हात टेकले. तरी जाताना दोनदा मागं वळून बघितलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच माणसं लोटली. कारखान्याच्या पटांगणात मांडव, मागं धुरांडं, उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि हवेत तो ओल्या उसाचा गोड वास. बिद्रीची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं आली होती. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत कुलसुम बसली होती, डोक्यावरनं पदर घट्ट ओढून. चमननं नवा शर्ट शिवला होता, गडद लाल. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. पाणीसुद्धा कोमट करून घोट घोट घेत होता.

मोळी झाली. गव्हाणीत ऊस पडला, भोंगा वाजला, नारळ फुटले. ते आकारामनं घेतलं, कारण ठरलंच होतं. मग भाषणं सुरू झाली. गणपतराव बोलले. व्हाईस चेअरमन बोलले. गणपतरावांचा पी.ए. आकारामच्या कानाशी उभा होता. आकारामनं बटणावरचा हात काढला की तो खांद्यावर टिचकी मारायचा, "चालू ठेवा." मग संचालकांचे सत्कार. आपल्याकडं सत्कार म्हणजे नुसता हार नाही. शाल आली, नारळ आला, आणि फेटा आला, आणि फेटा घरून बांधून आणलेला नाही, स्टेजवर उभं राहून बांधायचा. फेटेवाला एकेकाच्या डोक्याभोवती घिरट्या घालतोय, संचालक मान ताठ करून उभे, आणि आकारामचा कॅमेरा खर्र खर्र चाललाय. मग गणपतरावांच्या मातोश्री बायडाबाई, त्यांना दोघांनी धरून स्टेजवर चढवलं. त्यांना तर कशासाठी आणलंय हेच माहीत नव्हतं.

हुसेन पडद्यामागं ड्रमजवळ उभा राहून हे बघत होता. त्याला घाम फुटला. सयाजी वाकत वाकत पडद्यामागं आला. तोंड पांढरं पडलेलं. "चाचा, एकच डबा राहिलाय. दहा मिनिटांचा. पाया पडतो, चमनचाचांना पहिलं घ्या."

हुसेननं चमनकडं बघितलं. चमन कोपऱ्यात खुर्चीवर डोळे मिटून बसला होता, गळ्याला मफलर गुंडाळून. बाहेर लोकांनी शिट्ट्या सुरू केल्या होत्या. भाषणांनी ते गार पडले होते, वैतागले होते. असल्या पब्लिकसमोर चमनला सोडायचा? हुसेन म्हणाला, "दोनच गाणी. छोटी करतो. तवर क्यामेरा बंद ठीव. दोन गाणी झाली की चमनच." सयाजी काहीतरी बोलणार होता, पण पडदा उघडला.

पहिलं गाणं झालं. पब्लिक हललं. दुसरं सुरू झालं, ज्ञानूनं गिटार अशी काही छेडली की ट्रॉलीवरची पोरं उभी राहून नाचायला लागली. हुसेनला हायसं वाटलं. कॅमेरा बंद होता, आकाराम हात बांधून उभा होता. बस, हे संपलं की झालं. आणि दुसरं गाणं संपायच्या आतच गणपतराव स्टेजच्या पायऱ्या चढायला लागले.

आता काय करायचं तुम्ही? चेअरमन स्टेजवर चढताना कोण वाजवत बसतं? ज्ञानूनं गिटारवरचा हात काढला. हुसेननंही काठ्या खाली घेतल्या. गणपतरावांनी माईक हातात घेतला, आणि माणूस मनापासून बोलत होता हो, खोटं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आमच्या मातीतली ही पोरं," ते म्हणाले, "धा वर्षांनी एक झाली. ह्यांचा सत्कार केल्याशिवाय आमी घरला जाणार न्हाय." टाळ्यांचा कडकडाट झाला. फेटेवाला पुढं झाला. आणि पी.ए.नं आकारामच्या खांद्यावर टिचकी मारली.

हुसेननं सयाजीकडं बघितलं. सयाजी पी.ए.चा हात धरून काहीतरी सांगत होता, आणि पी.ए. मान हलवत गणपतरावांकडं बोट दाखवत होता. फिल्म कुणाची, हे सांगत असणार, दुसरं काय. खर्र खर्र सुरू झालं. पहिल्यांदा बाळासोचा फेटा. मग ज्ञानूचा. ज्ञानूच्या डोक्याचा घेर मोठा, फेटा पुरेना, सोडून पुन्हा बांधला. हुसेनला वाटलं, उठून ओरडावं, थांबवा म्हणावं. पण स्टेजवर सत्कार नाकारायचा, तोही चेअरमनचा, मोळीच्या दिवशी, हजारो माणसांसमोर? कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाच्या तोंडातून ते निघत नाही. फेटेवाला त्याच्याकडं आला. हुसेन स्टुलावरच मान ताठ करून बसला. डोक्याभोवती केशरी कापड फिरत होतं, आणि त्याला स्पष्ट दिसत होतं की कॅमेरा आपल्याकडं वळलाय. हात ड्रमवर, डोक्यावर फेटा. कधी उरकतंय, कधी उरकतंय, एवढंच मनात.

शेवटी चमनला बाहेर बोलावलं. त्याला फेटा बांधला, शाल घातली, गणपतरावांनी त्याला मिठी मारली. गणपतराव खाली उतरले. चमननं माईक धरला. गळ्यातला मफलर सोडला. आणि हुसेनकडं वळून मान हलवली, चल म्हणून.

हुसेननं चार ठोके दिले. गाणं सुरू झालं.

पहिल्या ओळीला आवाज फाटला. कुलसुमनं तोंडावर पदर धरला. दुसऱ्या ओळीला तो सापडला. कसा सापडला, कुठून सापडला, अल्लाला माहीत. दहा वर्षांपूर्वीचा नव्हता तो. जास्त खरखरीत होता, जास्त खालचा होता, पण त्यात आता असं काहीतरी होतं की पुढच्या रांगेतले म्हातारे सुद्धा हलायचे थांबले. हुसेनचे हात वाजवत होते. आणि त्याच वेळी त्याला दिसलं की आकारामनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. कॅमेऱ्याच्या बाजूला कान लावला. मग सयाजीकडं बघून हाताचे दोन्ही पंजे उघडले. संपली.

उठता येत नव्हतं. ड्रमवाला उठला की गाणं पडतं. ओरडता येत नव्हतं. पळत जाऊन गणपतरावांच्या जीपमधून, पी.ए.च्या बापाकडून, कुठून तरी अजून एक डबा आणावा, तर असा डबा अख्ख्या कोल्हापुरात नव्हता. हुसेन वाजवत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर चमनची लाल पाठ होती, त्यावर फेट्याचा शेमला हलत होता, आणि चमन सरळ कॅमेऱ्याकडं बघून गात होता. त्याला वाटत होतं, हे सगळं त्या काळ्या पेटीत चाललंय. आकारामनंही ते बघितलं असावं. त्यानं पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला आणि रिकामा कॅमेरा हळूहळू चमनबरोबर फिरवत राहिला, इकडून तिकडं, गाणं संपेपर्यंत. हुसेनच्या गालावरून घाम वाहत होता की आणखी काय, कुणी विचारलं नाही.

शेवटचा 'थांब' आला. चमननं तो ताणला, इतका ताणला की मांडवातली माणसं आपोआप उभी राहिली. मग तो तुटला. पुन्हा कधी न येण्यासाठी तुटला. लोक किंचाळत होते, ट्रॉलीवरून फेटे उडत होते. चमन वळून हुसेनजवळ आला, ड्रमवर वाकला. तोंडातून नुसती हवा निघाली. "घेतलं न्हवं?"

हुसेन म्हणाला, "घेतलं की."

दुसरं काय म्हणणार होता तो?

कार्यक्रमानंतर सयाजीनं हुसेनला बाजूला घेतलं.  तो म्हणाला, "चाचा, चित्र गेलं, पण आवाज आहे. आवाज वेगळ्या मशीनवर घेतो आम्ही. टेप शेवटपर्यंत फिरत होती. सगळं गाणं आहे." हुसेननं त्याला तिथंच छातीशी धरलं. आवाज आहे म्हटल्यावर अजून काय पाहिजे? चित्र नाही तर नाही. घाटाचं चित्र लावा, नदीचं लावा, त्यावर चमनचा आवाज लावा. त्या रात्री हुसेन दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

दिवाळी झाली. मिरजेला ऑपरेशन झालं. चमन वाचला. गळ्याला खाली एक भोक ठेवलं होतं, त्यातून श्वास घेताना बारीक शीळ वाजायची, म्हणून कुलसुम त्यावर पातळ मलमलीचा रुमाल बांधायची. चमन दुकानात बसायला लागला. गिऱ्हाइकाला माप सांगायचं तर पाटीवर खडूनं लिहायचा. हुसेन रोज संध्याकाळी जायचा. चमन दर दोन दिवसांनी बोटांनी चौकोन करून दाखवायचा, सिनेमा कधी? हुसेन म्हणायचा, येतोय, मुंबईला फिल्मची जोडणी चाललीय. चित्र नाहीये, हे सांगायला तो रोज तोंड उघडायचा, आणि रोज पावसापाण्याचं बोलून उठून यायचा.

हंगाम संपताना निरोप आला. कारखान्याच्या पटांगणात पडदा लावून फिल्म दाखवणार. हुसेननं चमनला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं नाही, रिक्षा केली. कुलसुमही आली. चमननं तोच लाल शर्ट घातला होता. अंधार पडला तशी फिल्म सुरू झाली.

पहिल्यांदा धुरांडं आलं. मग सभासदांची रांग. मग टेम्पो आला, आणि लोक हसले, ज्ञानूच्या पँटीतल्या टाचण्या दिसल्या तसे आणखी हसले. चमनही हसला, त्याच्या रुमालातून शीळ वाजली. पण टेम्पो लगेच गेला. बँडचं चित्र म्हणजे चवीपुरतं मीठ. पुढं सगळा कारखाना. हुसेननं मागं वळून बघितलं. सयाजी प्रोजेक्टरशेजारी उभा होता, मान खाली घालून. पोराची चूक तरी काय म्हणायची? डबे ज्यांचे, टेप आणि कात्रीही त्यांची.

मोळी आली. गणपतराव आले. फेटे आले. आणि त्या फेट्यांच्या चित्रावर, हुसेननं ओळखलं, चार ठोके पडले. त्याचेच ठोके. चमनचा आवाज सुरू झाला.

चमन ताठ झाला. त्यानं हुसेनचं मनगट धरलं. पडद्यावर फेटेवाला संचालकांच्या डोक्याभोवती फिरत होता, आणि मागं, लांबून आल्यासारखा, चमन गात होता. पहिली ओळ, फाटलेली. दुसरी सुरू होतीय तोच तिच्यावर एक भारदस्त आवाज आला, मुंबईचा, शुद्ध. सभासदांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पानं परिसराचा कायापालट केला आहे. गणपतरावांचा चेहरा मोठा झाला आणि पटांगणात टाळ्या पडल्या. टाळ्यांखाली भारदस्त आवाज, आणि त्याच्या खाली कुठंतरी चमन. चमन पुढं वाकला. कानामागं पंजा धरला. त्याचे ओठ हलत होते, गाण्याचा एकेक शब्द, बिनचूक.

"आवाज कमी करा की जरा त्येचा," हुसेन मागं वळून म्हणाला. कुणाचा आवाज, कुणी कमी करायचा? दोन्ही फिल्मच्या कडेच्या एकाच पट्टीवर होते. एक कमी केला की दुसराही जाणार. ऑपरेटर म्हणाला, "खाली बसा, पावणं, दिसना झालंय."

हुसेन खाली बसला. पडद्यावर त्याचा स्वतःचा फेटा बांधून झाला, चमनचा झाला, गणपतरावांनी चमनला मिठी मारली, आणि पुन्हा धुरांडं आलं. आपलं गातानाचं चित्रच नाही, हे चमनला कळलं असावं. त्यानं एकदा हुसेनकडं बघितलं. रागानं नाही. मग पुन्हा पडद्याकडं तोंड केलं, कारण शेवटचा 'थांब' यायचा होता.

तो आला. भारदस्त आवाज नेमका श्वास घ्यायला थांबला होता, आणि तेवढ्यापुरता चमन एकटा, स्वच्छ ऐकू आला. पडद्याच्या उजेडात चमनचं तोंड पूर्ण उघडलं होतं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि रुमालाखालून नुसती हवा निघत होती. कुलसुमनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. 'थांब' अजून अर्धाही झाला नव्हता, तोवर भारदस्त आवाज सांगायला लागला की पुढील हंगामात कारखान्याची गाळपक्षमता वाढवण्याचा संचालक मंडळाचा मानस आहे.